सौनातला सिलिंडर

राइमो बर्फात गुडघे टेकून बसला होता. समोर वजनकाटा, काट्यावर उलटा ठेवलेला सिलिंडर, आणि सिलिंडरापासून भिंतीवरच्या यंत्रापर्यंत गेलेली पिवळी रबरी नळी. काट्यावरचा आकडा मघापासून एकाच जागी चिकटला होता.

"अरे, पिळतोयस काय त्याला? गाईचं सड आहे होय?" लेम्पी दारातून म्हणाली.

"गाय परवडली, मालकीणबाई. गाय निदान लाथ तरी मारते. हा ढिम्म."

उणे अठ्ठावीसची थंडी होती. तळ्यावरचा बर्फ मधूनच लांबवर कडाडत होता. अशा थंडीत माणूस बोलतो ते शब्दही गोठून खाली पडतात, असं लेम्पीची सासू म्हणायची. लेम्पीने शाल डोक्यावरून घट्ट ओढली आणि विचारलं, "किती गेला?"

"तिसरा हिस्सा. बाकीचा आत जायला मागत नाही. वायूलाही थंडी वाजते. गारठून तळाशी बसलाय, त्याच्यात जोरच नाही."

"मग तेवढ्यावर यंत्र चालव ना."

"अर्धपोटी घोड्याला चढावर जुंपायचं? मरेल. मग नवा कॉम्प्रेसर, नवा महिना."

महिना नव्हता लेम्पीजवळ. तिच्याजवळ उजेड होता तेवढाच वेळ होता. तिची मुलगी सिर्पा सकाळी तालुक्याहून गाडी घेऊन आली होती आणि चुलीपाशी हात शेकत तिने सरळ सांगून टाकलं होतं, "आई, मी अंधार पडायच्या आत निघणार. तोवर हे घर गरम झालं तर बाबा इथे. नाही झालं तर बाबा माझ्याबरोबर. वृद्धाश्रमात पलंग धरून ठेवलाय मी. किती दिवस धरून ठेवतील?"

मुलगी खोटं बोलत नव्हती. लेम्पीच्या नवऱ्याला, ताउनोला, शरद ऋतूत झटका आला आणि त्याची डावी बाजू गेली. पुढे पंधरवड्यात लेम्पी विहिरीपाशी निसटून पडली. तेव्हापासून तिचा उजवा खांदा वर उठत नव्हता. घरातली मोठी भट्टी म्हणजे राक्षसीण. सकाळ-संध्याकाळ कवेत मावणार नाही एवढं लाकूड गिळायची तेव्हा कुठे खोल्या उबदार राहायच्या. लाकडं कोठारात छपरापर्यंत रचलेली होती, ताउनोनेच फोडलेली. पण कोठारापासून भट्टीपर्यंत ती आणायची कुणी?

म्हणून हा हीट पंप. बाहेरच्या थंडीतूनच ऊब खेचायची आणि घरात सोडायची, असं त्याचं काम. "थंडीतून ऊब?" ताउनो जड जिभेने म्हणाला होता. "मग राइमोला सांग, दगडातून ताकही काढून दे."

गेल्या आठवड्यात राइमोने तो बसवला. दोन दिवस घर असं गरम झालं की लेम्पीने लोकरी मोजे काढून ठेवले. तिसऱ्या दिवशी वारा गार यायला लागला. तांब्याच्या नळीचं तोंड फुलवून नट आवळतात, तिथूनच सगळा वायू निसटला होता. राइमोने फोनवर कारणं सांगितली नाहीत. "माझाच हात चुकला," एवढंच बोलला आणि आज सुट्टीचा वार असून आला. नळीचं तोंड कापून नवं केलं, नायट्रोजन भरून दाब धरतोय का ते पाहिलं, पंपाने आतली हवा ओढून काढली. सगळं सरळ झालं, आणि शेवटचा घास घशात अडकला.

"कोमट पाणी आहे का?" राइमोने विचारलं. "टबभर. सिलिंडर त्यात उभा करू. अर्ध्या तासात हलेल."

"स्वयंपाकघरातला नळ कालपासून गोठलाय. पाणी सौनात आहे. पहाटे थोडं लाकूड घातलं मी, तिथले तरी नळ वाचावेत म्हणून."

सौना उताराखाली, तळ्याच्या काठाला होता. काळ्या पडलेल्या ओंडक्यांची, दर शनिवारी वाफेची आंघोळ करायची छोटी खोली. आत दगडांची शेगडी, तिला लागून पाण्याचा हंडा, आणि पायरी-पायरीने वर चढत गेलेल्या बसायच्या फळ्या. या भागात आधी सौना बांधतात आणि मग घर. लेम्पी नवरी होऊन आली ती घोड्याच्या घसरगाडीतून, गोठलेल्या तळ्यावरून. आणि घराला छप्पर नव्हतं म्हणून पहिला सबंध हिवाळा दोघं याच खोलीत राहिली. सिर्पाचा जन्म इथला. सासूला शेवटची आंघोळ इथेच घातली. इथे मोठ्याने बोलायचं नाही, भांडायचं नाही, देवळात वागावं तसं वागायचं, हे लेम्पीला तिच्या आईने शिकवलं, तिने सिर्पाला शिकवलं.

राइमोने शेगडीपाशी जमिनीवर लाकडी टब ठेवला, हंड्यातलं पाणी ओतलं, हात घालून पाहिला, थोडा बर्फ टाकला, पुन्हा हात घातला. "तान्ह्या बाळाला घालतो तेवढंच," तो म्हणाला. "याच्यापेक्षा गरम नको. गारठला की रुसतो, तापला की फुटतो. तोल सांभाळायचा." मग सिलिंडर त्यात उभा केला आणि दार लोटून घेतलं.

राइमो घरामागच्या भिंतीशी नळ्यांना कापडी पट्टी गुंडाळायला गेला. सिर्पा आतल्या खोलीत वडिलांचे कपडे बॅगेत भरत होती. भरून ठेवायला काय जातं, असं तिचं म्हणणं. लेम्पीने किटली ठेवली, वेलदोड्याचे पाव फडक्यातून काढले आणि मुद्दाम बॅगेकडे पाठ केली. कपाटाचे खण उघडल्याचे, बंद झाल्याचे आवाज तिला ऐकू येत होतेच. लोकरी बनियनांचा खण. आता मोज्यांचा.

"आई, बाबांचा दाढीचा ब्रश कुठाय?"

"राहू दे तो इथेच."

"आई."

"आरशाखाली."

कॉफी झाली तेव्हा राइमो हात चोळत आत आला. चार कप मांडले. लेम्पीने डुलत्या खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाली, "ताउनो, तुझा पाव बुडवून देऊ का?"

खुर्ची रिकामी होती.

"संडासात असतील," सिर्पा म्हणाली. पण ती बोलता बोलता दाराकडे गेली, दार उघडलं आणि पायरीवरच थांबली. "आई, तुमची ढकलगाडी कुठे गेली?"

हात टेकायला दांडी, बसायला फळी, खाली लोखंडी धावा. एका पायाने बर्फाला रेटायचं आणि सुटायचं, अशी गाडी इकडे प्रत्येक म्हाताऱ्याच्या दाराशी असते. लेम्पी बाहेर आली. धावांच्या दोन रेषा उताराने खाली गेल्या होत्या, आणि बाजूला एकाच बुटाचे ठसे होते. उजव्या. मग ठसेही संपले होते. तिथून पुढे उतारानेच गाडी नेली असणार.

तिने मान वर केली. सौनाच्या धुराड्यातून पांढरा, जाड, सरळ धूर चढत होता. पहाटेच्या चार काटक्यांचा धूर नव्हता तो.

"आज शनिवार," ती म्हणाली.

तिच्या मागे राइमोच्या हातातला कप पायरीवर फुटला.

"कधीपासून पेटलाय? मालकीणबाई, कधीपासून?"

"मला काय माहीत! मी कॉफी..."

"सिर्पा, तू इथून हलायचं नाही. कळलं? तो सिलिंडर तापला तर एक तर झडप उडेल, नाही तर तोच उडेल. झडप उडाली तर वायू जाणार शेगडीत, आणि विस्तवावर गेला की त्याचं विष होतं. इथेच थांब. फोन हातात ठेव."

"माझे बाबा आहेत आत!"

"म्हणूनच थांब. बाहेर कुणी तरी शहाणं राहायला हवं."

तो धावत सुटला. लेम्पीलाही त्याने थांबायला सांगितलं असेल, पण तिने ऐकलं नाही. तिचे बूट निसटत होते. धरायला हात पुढे केला की खांद्यातून कळ थेट दातापर्यंत जात होती, तरी ती उताराने खाली आली. सौनाच्या भिंतीला ढकलगाडी नीट टेकवून ठेवलेली होती. दारातल्या पडवीत खुंटीला ताउनोची विजार आणि सदरा टांगलेला. घडी मोडू न देता.

राइमोने आतलं दार उघडलं. वाफेचा लोट दोघांच्या तोंडावर आला.

"दार लावा," वरून ताउनोचा आवाज आला. "ऊब जाते."

तो सगळ्यांत वरच्या फळीवर बसला होता. उघडा, लाल झालेला. उजव्या हातात तापल्या दगडांवर पाणी टाकायचं ओगराळं. डावा हात मांडीवर, कुणी विसरून गेलेल्या वस्तूसारखा.

"मालक, पाणी टाकू नका! खाली ठेवा ते!"

"शनिवार आहे."

"मालक!"

टबातून वाफ निघत होती. राइमो खाली वाकला, जवळजवळ रांगत पुढे गेला. सौनात ऊब वर असते, जमिनीलगत माणूस तग धरतो. त्याने टबात हात घातला आणि शिवी देऊन बाहेर काढला. "हे पाणी एवढं गरम कसं?"

"गार झालं होतं," ताउनो म्हणाला. "हंड्यातलं चार डबे पाणी ओतलं. पाहुणा सौनात आलाय, त्याला गार पाण्यात ठेवायचं?"

लेम्पीला हसू आलं असतं, पण तेवढ्यात तिला तो आवाज ऐकू आला. बारीक, दाताच्या फटीतून यावा तसा. सुस्स. थांबला. पुन्हा सुस्स. तो दगडांवरच्या पाण्याचा असेल की सिलिंडराचा, ते राइमोलाही कळलं नसावं, कारण तो क्षणभर जागच्या जागी गोठला. मग त्याने टोपी काढली, हातमोज्यांवर गुंडाळली, सिलिंडर मानेपाशी धरून पाण्यातून उपसला आणि पोटाशी कवटाळून उलट्या पावलांनी बाहेर निघाला. दारातून जाताना म्हणाला, "त्यांना काढा. मी परत येतो. लगेच काढा."

बाहेर काही तरी जड बर्फात पडल्याचा आवाज आला. लेम्पीने डोळे मिटले. धडाका झाला नाही. नुसतं चुरचुरलं, तवा पाण्यात बुडवल्यावर चुरचुरतो तसं.

तिने डोळे उघडले. "चल, उतर."

ताउनो हलला नाही.

"अरे उतर ना! हट्ट कशाचा आता?"

त्याने ओगराळं बाजूला ठेवलं. तिच्याकडे पाहिलं नाही, शेगडीकडे पाहत राहिला. मग अगदी हळू, सौनात बोलायचं तेवढ्याच आवाजात म्हणाला, "चढलो ग. चढता आलं. आता उतरता येत नाही."

शालीचं टोक तोंडावर धरून लेम्पी पहिल्या फळीवर चढली. वर वाफ अशी होती की कान जळत होते. तिने त्याचा जड पाय दोन्ही हातांनी उचलून खालच्या फळीवर ठेवला, मग त्याला बसल्या बसल्या पुढे ओढलं. त्याचा सगळा भार तिच्या दुखऱ्या खांद्यावर आला. तिच्या तोंडून आवाज निघणार होता, तो तिने गिळला. एक फळी. पुन्हा पाय. दुसरी फळी. तरुणपणी लाकडं वाहून नेणाऱ्या नदीत ओंडक्यावरून ओंडक्यावर उड्या मारत गेलेला हा माणूस. सगळी मुलखातली पोरं काठावर उभी राहून बघायची, आणि त्या पोरांत लेम्पीही होती. आता जमिनीला पाय लागला तेव्हा तो सुटकेने थरथरला.

"सिर्पाला सांगू नकोस," तो म्हणाला.

तिने त्याच्या अंगावर शाल टाकली, विजार चढवली, बटणं लावली.

राइमो बाहेर बर्फात बसून होता. त्याच्यासमोर सिलिंडर बर्फाच्या खळग्यात आडवा होता आणि तो दर थोड्या वेळाने हातमोजा काढून त्यावर उघडा तळवा ठेवत होता. त्याचा चेहरा राखेसारखा दिसत होता. "आला हाताला सोसेल असा," तो शेवटी म्हणाला. "झडप शाबूत आहे. मालक, तुम्ही माझं दहा वर्षांचं आयुष्य कमी केलंत."

"मग आता निदान भर तो," ताउनो म्हणाला. "तापवून दिलाय."

दोघांनी त्याला ढकलगाडीवर बसवून वर आणलं. सिर्पा पायरीवर होती, फोन छातीशी धरून. वडिलांना पाहिल्यावर तिने चादर आणली, त्यांना डुलत्या खुर्चीत बसवलं, आणि मग त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता.

राइमोने घाई केली नाही. नळीतली हवा काढली, सिलिंडर पुन्हा काट्यावर उलटा ठेवला, झडप उघडली. लेम्पी त्याच्या मागे उभी राहिली. आकडा एकदा थरथरला. मग सुटला. भराभर, धान्याचं पोतं फाटावं तसा. राइमोचे ओठ हलत होते, तो मनाशी बेरीज करत होता. ठरलेल्या वजनावर त्याने झडप बंद केली, नळी काढली, नटांना साबणाचा फेस लावून एकेका ठिकाणी डोळे बारीक करून पाहिलं. कुठे बुडबुडा आला नाही.

"लावा आतून," तो ओरडला.

बटण सिर्पाने दाबलं. आधी काहीच झालं नाही. मग बाहेरचा पंखा जड श्वास घेऊन फिरू लागला. आतल्या पेटीने पट्टी उघडली आणि गार वारा सोडला. गार. अजून गार. सिर्पाने हात वर धरला होता. लेम्पी तिच्या हाताकडे नव्हे, चेहऱ्याकडे पाहत होती.

"आली," सिर्पा म्हणाली. "कोमट आहे." थोड्या वेळाने, "गरम आहे."

राइमो दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. कुणी त्याच्या हातात कॉफी दिली, ती त्याने एका दमात प्यायली. खोलीत ऊब पसरायला लागली, खिडकीवरची बर्फाची नक्षी कडेने ओली झाली. लेम्पीला वाटलं, झालं; आता बॅग उघडू, बनियनं परत खणात ठेवू.

पण सिर्पा बॅगेपाशी उभी होती आणि तिचा हात बॅगेवर होता.

"घर गरम झालं. मी शब्द मोडत नाही, आई. पण मला एक सांग. बाबा तिथे एकटे गेले, शेगडी पेटवली, वर चढले. हे सगळं त्यांनी एका हातापायाने केलं. ठीक. उतरले कसे?"

डुलत्या खुर्चीचा आवाज थांबला.

"स्वतःहून उतरले असतील तर मी आत्ता एकटी निघते. पुन्हा विषय काढणार नाही. उतरले का?"

लेम्पीने ताउनोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिच्या तोंडून 'हो' निघालं असतं, तिला ठाऊक होतं. सोपं होतं ते. एक शब्द, आणि गाडी रिकामी जाणार. पुढच्या शनिवारी तो पुन्हा चढणार, आणि तेव्हा ती कदाचित कॉफी करत असेल.

"नाही," ती म्हणाली. "उतरता आलं नाही त्याला. मी उतरवलं."

ताउनोने एक आवाज काढला, खोकल्यासारखा.

"या खांद्याने?" सिर्पा म्हणाली.

"याच. आणि पुढच्या शनिवारीही मीच उतरवीन. पण इतक्या वरून नाही जमायचं ग मला. वरच्या दोन्ही फळ्या काढून टाकू. खालची एकच ठेवू."

"काय?" ताउनो गरजला. झटक्यानंतर इतका स्पष्ट शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. "खालच्या फळीवर पोरं बसतात! पोरं आणि शहरातले पाहुणे! तिथे वाफ येते का कधी? पाय शेकतात नुसते. मी बसणार नाही."

"मग जा तिच्याबरोबर," लेम्पी म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "तिथे शॉवर आहे. आठवड्यातून दोनदा नर्स तुला साबण लावेल. सौनाच नाही म्हटल्यावर वरच्या-खालच्याची भानगडच नाही."

राइमो कपाच्या तळाशी काही तरी शोधत होता. सिर्पाने बॅगेवरचा हात काढला नव्हता, बॅग उचललीही नव्हती. बाहेर उजेड निळा व्हायला लागला होता, आणि पेटीतून येणारा वारा लेम्पीच्या ओल्या बाह्या हलवत होता.

ताउनोची मान खाली होती. त्याचा जबडा हलत होता. लेम्पीला दिसत होतं, तो शब्द शोधत नाहीये, शब्द गिळतोय. तिने काही मदत केली नाही. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी शब्द पुरवले नव्हते, आजही पुरवणार नव्हती.

राइमो उठला. "हत्यारं आहेत माझ्याकडे," तो कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला. "पकड आहे. खिळे काढायला वेळ लागायचा नाही."

"खिळे!" ताउनो तुच्छतेने म्हणाला. त्याने मान वर केली आणि सिर्पाकडे नाही, लेम्पीकडेही नाही, राइमोकडे रागाने पाहिलं. "त्यात एकही खिळा नाही. खिळा तापतो, माणूस भाजतो, एवढंही कळत नाही तुला? लाकडी खुंट्या आहेत. खालून ठोक. वरून ठोकलंस तर फळी फाटेल."